लॅकरची झळाळी : जुन्या मोटारीचा मूळ रंग कसा जपावा?

दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवरून जुन्या मोटारींची फेरी निघाली, की बघ्यांची गर्दी आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्यांभोवती जमते. जाणकारांची पावले मात्र पुष्कळदा एखाद्या मवाळ झळाळीच्या, कडांना थोडी झिजलेल्या गाडीपाशी थांबतात. त्या गाडीवरचा रंग ती कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाचा असण्याची शक्यता असते. इंजिन पुन्हा बांधता येते, गाद्यांचे कापड बदलता येते, क्रोमचे मुलामे नव्याने चढवता येतात. रंगही गाडीला कितीही वेळा देता येतो. पहिला रंग मात्र एकदाच मिळतो.

हा पहिला रंग बहुधा हौसेपोटीच नाहीसा होतो. आजोबांच्या काळापासून घरात असलेली गाडी लग्नसमारंभासाठी ‘जरा चमकवून’ आणायला गॅरेजमध्ये दिली जाते. तेथे खरखरीत रबिंग कंपाउंड लावून ती वेगवान बफिंग यंत्राखाली धरली जाते. संध्याकाळी गाडी चमकत घरी येते. पण बॉनेटच्या कडेला आणि मडगार्डच्या उंचवट्यावर खालचा लालसर प्रायमर डोकावू लागलेला असतो. साठ वर्षे टिकलेला थर एका दुपारी संपतो. लॅकर म्हणजे काय आणि त्याची चमक का जाते हे ठाऊक असेल, तर हे नुकसान सहज टाळता येते.

लाख नसलेले लॅकर

‘लॅकर’ या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘लाक्षा’, म्हणजेच लाख, या शब्दापर्यंत जाते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरील लाखेचे झगमगीत काम महाराष्ट्राला परिचित आहे. मोटारीच्या लॅकरमध्ये मात्र लाखेचा अंशही नसतो. जुन्या मोटारींवरील लॅकरचा पाया नायट्रोसेल्युलोज हा आहे. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ मिळतो. जुन्या काळी चित्रपटाच्या फिती याच्याच बनत, आणि नायट्रोजनचे प्रमाण वाढवले की याच कुळातील गनकॉटन हे स्फोटक तयार होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच तेल-व्हार्निशने रंगवल्या जात. थरावर थर देऊन प्रत्येक थर वाळू द्यावा लागे. एका गाडीला त्यासाठी दोन ते चार आठवडे लागत. ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीने नायट्रोसेल्युलोजचे पातळ द्रावण बनवण्याची युक्ती साधली आणि ‘ड्यूको’ या नावाने ते बाजारात आणले. जनरल मोटर्सने ते आपल्या १९२४ च्या ओकलंड मोटारींवर निळ्या छटांत वापरले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले आणि गडद रंगांत अडकलेल्या मोटारींना रंगांचे वैविध्य लाभले.

याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. ती १९५४ मध्ये बंद झाली. ‘ड्यूको’ हे नाव मात्र येथे रुजले. आपल्याकडील गॅरेजांत आणि सुतारांच्या बोलीत फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही चकचकीत रंगाला आजही ‘ड्यूको’ म्हटले जाते. ब्रिटनमध्ये याच जातीच्या रंगाला ‘सेल्युलोज’ म्हणत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्स उन्हाला अधिक टिकणाऱ्या ॲक्रिलिक लॅकरकडे वळली. पुढे १९८० च्या दशकात रंगीत थरावर पारदर्शक थर देण्याची आजची पद्धत सर्वत्र पसरू लागली.

जुनी गाडी म्हणजे लॅकरच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. फोर्ड आणि क्रायस्लर यांनी भट्टीत भाजलेल्या इनॅमलचा मोठा वापर केला. शिवाय भारतातील बहुतेक जुन्या मोटारी मध्यंतरीच्या काळात एकदा तरी नव्याने रंगवल्या गेलेल्या असतात.

झळाळी का जाते?

लॅकर वाळते ते केवळ त्यातील थिनर उडून गेल्यामुळे. इनॅमल किंवा आजचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन वाळताना त्यांत रासायनिक बंध तयार होतात. लॅकरमध्ये तसे काही घडत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांनंतरही त्यावर थिनर पडला तर ते विरघळते आणि उष्णतेने मऊ पडते. याचा एक लाभ असा, की ते घासून उजळवणे सोपे असते. पण त्याच कारणाने ते चटकन बिघडतेही.

नायट्रोसेल्युलोज मुळात ठिसूळ असते. ते लवचिक राहावे म्हणून त्यात कापूर, एरंडेल तेल किंवा थॅलेटसारखे मऊपणा देणारे घटक मिसळत. हे घटक वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडतात. दुसरीकडे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण वरच्या थरातील राळ मोडतात. मग रंगकणांना धरून ठेवणारे काही उरत नाही आणि ते सुटे होऊन पृष्ठभागावर खडूच्या भुकटीसारखे पसरतात. बॉनेटवर बोट फिरवल्यावर त्याला रंग लागतो, तो हाच. बॉनेट, टप आणि डिकीचे झाकण हे आडवे भाग दारांपेक्षा आधी फिके पडतात, कारण उन्हाचा मारा त्यांच्यावर थेट होतो.

फिकेपणा हा पुष्कळ अंशी प्रकाशाचा खेळ आहे. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परतवतो. खडबडीत पृष्ठभाग तो सर्व दिशांना विखुरतो आणि वस्तू पांढुरकी दिसते. नदीकाठचा काळा गोटा वाळला की राखाडी दिसतो आणि पाण्यात बुडवताच पुन्हा काळाभोर होतो. दगड तोच असतो. पाण्याने त्याच्या पृष्ठभागावरील खाचा तेवढ्या भरलेल्या असतात. जुन्या लॅकरचेही असेच आहे. मेलेला असतो तो वरचा अत्यंत पातळ थर. त्याखालचा रंग बहुधा शाबूत असतो.

मात्र हा खालचा रंग फार जाड नसतो. कारखान्यातील लॅकरच्या रंगीत थराची जाडी साधारण ५० ते ७५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढी, असे. गेल्या काही दशकांत ज्याने ज्याने गाडी घासली, त्याने त्यातूनच थोडा रंग नेलेला असतो. झळाळी आणण्याचा प्रत्येक प्रयत्न हा या शिलकीतील खर्च आहे आणि या खात्यात पुन्हा भर पडत नाही.

आधी ओळख, मग उपचार

गाडीवर काय आहे हे समजल्याखेरीज कोणतीही बाटली उघडू नये. पुढील तीन चाचण्या घरी करता येतात.

पहिली चाचणी पॉलिशची. पांढऱ्या सुती कापडावर अगदी सौम्य पॉलिश घेऊन डिकीच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी हलके घासावे. कापडाला गाडीचा रंग लागला, तर रंग एकाच थराचा आहे. रंग लागला नाही, तर वर पारदर्शक थर असण्याची शक्यता मोठी. म्हणजे गाडी पुढील काळात पुन्हा रंगवलेली असावी.

दुसरी चाचणी थिनरची. कापसाच्या बोळ्यावर लॅकर थिनरचे दोन-तीन थेंब घेऊन अशाच लपलेल्या जागी टेकवावे. रंग लगेच विरघळून बोळ्यावर उतरला तर ते लॅकर होय. पृष्ठभाग मऊ होऊन सुरकुतला तर इनॅमल असावे. काहीच झाले नाही, तर आधुनिक पॉलियुरेथेन असण्याचा संभव आहे. ही चाचणी रंगाला इजा करते; म्हणून नखाएवढ्या जागेपलीकडे ती नेऊ नये.

तिसरी चाचणी जाडीची. रंगाची जाडी मोजणारे लहान उपकरण आता सहज मिळते. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वावर चालते. ॲल्युमिनियमसाठी निराळ्या प्रकारचे घ्यावे लागते. ते प्रायमरसह एकूण जाडी दाखवते, हे मात्र विसरू नये. प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी मोजून आकडे टिपून ठेवावेत. एका दाराचा आकडा इतरांच्या दुप्पट आला तर ते दार पुन्हा रंगवलेले असावे. आकडा ५०० मायक्रॉनपलीकडे गेला तर खाली बहुधा पुट्टी भरून बुजवलेला पोचा आहे. आणि आकडा शेजारच्या भागांपेक्षा फारच कमी असेल, तर तेथे यंत्र लावू नये.

बॉनेटच्या खालची बाजू, दाराच्या फटी आणि गालिच्याखालील पत्रा येथील रंग उन्हापासून वाचलेला असतो. गाडीची मूळ छटा कोणती होती, याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार तोच.

धुणे आणि स्वच्छता

काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. आधी भरपूर स्वच्छ पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. कोरडी धूळ कापडाने पुसणे म्हणजे वाळूने घासणे होय. नंतर मोटारीसाठीचा सौम्य शाम्पू आणि मऊ कापड वापरावे. भांड्यांची किंवा कपड्यांची पावडर टाळावी. एक बादली साबणाच्या पाण्याची आणि दुसरी कापड खंगाळण्याची, अशा दोन बादल्या ठेवल्या तर काढलेली धूळ पुन्हा रंगावर जात नाही. रंगाला भेगा असतील तर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. पाणी भेगांतून पत्र्यापर्यंत पोहोचते आणि आतून गंज धरतो.

धुऊनही पृष्ठभाग खरखरीत लागला, तर डिटेलिंगच्या दुकानांत मिळणारी चिकणमातीची वडी भरपूर ओलाव्यासह, जोर न देता फिरवावी. चिकटलेली धूळ, डांबराचे ठिपके आणि लोखंडाचा कीस तिच्यात अडकून येतो. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी. तिला लागलेला एक खडा रंगावर लांब ओरखडा काढतो. डांबर काढण्यासाठी पेट्रोल किंवा थिनर लावण्याची सवय लॅकरसाठी घातक आहे.

तेल मुरवणे

घासण्यापूर्वी करून पाहावा असा एक जुना उपाय आहे. ज्यात घर्षक कण जवळजवळ नाहीत आणि तेलाचा अंश भरपूर आहे, अशा ग्लेझ या जातीच्या पॉलिशचा सढळ थर मऊ टॉवेलने रंगावर चोळावा, रात्रभर तसाच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने पुसून काढावा. शुष्क थरातील सूक्ष्म पोकळ्या तेलाने भरतात आणि रंग गडद व खोल दिसू लागतो. कोरडा पडलेला थर ओलसर झाल्याने नंतर घासतानाही तो कमी ओढला जातो.

याने राळ पुन्हा जोडली जात नाही. नदीतला गोटा ओला करण्यासारखाच हा उपाय आहे आणि त्याचा परिणाम कालांतराने ओसरतो. पण यात रंग जवळपास खर्ची पडत नाही. अनेक गाड्यांच्या बाबतीत एवढ्यावरच थांबणे शहाणपणाचे ठरते.

घासावे, पण कमीत कमी

पॉलिश करण्याची वेळ आलीच, तर एक नियम पाळावा : सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करावी आणि ते पुरले नाही तरच पुढची पायरी चढावी. गॅरेजांतील रूढ क्रम याच्या उलट असतो. तेथे खरखरीत कंपाउंडने आरंभ होतो, कारण त्यात वेळ वाचतो.

प्रथम फूटभर लांब-रुंद चौकोन निवडून तेथे हाताने पॉलिश करून पाहावे. कापड रंगीत होईल. एका थराच्या रंगात ते अपेक्षितच आहे, कारण निघतो आहे तो बहुतांशी मेलेला रंग. चौकोनाची चमक समाधानकारक वाटली, तर तीच पद्धत सर्व गाडीसाठी वापरावी. कापड वारंवार बदलावे. सुट्या रंगकणांनी भरलेले कापड पॉलिश करत नाही, ओरखडतेच.

यंत्र वापरायचेच असेल तर दुहेरी गतीचे, म्हणजे फिरता फिरता डोलणारे घ्यावे. एकाच अक्षावर वेगाने फिरणारे यंत्र क्षणात उष्णता निर्माण करते आणि उष्णतेने मऊ पडणारे लॅकर गोळा होऊन उचकटते. पॅड मऊ फोमचे असावे, गती कमी असावी आणि मधूनमधून तळहाताने पत्रा तपासावा. तो गरम लागला की थांबावे.

बॉनेटची धार, दारांच्या कडा, मडगार्डचे उंचवटे येथे रंग सर्वांत पातळ असतो. काम सुरू करण्यापूर्वी अशा सर्व जागांवर मास्किंग टेप लावावी आणि शेवटी त्या हातानेच उजळाव्यात. कापडावर गाडीच्या रंगाऐवजी तांबूस किंवा राखाडी छटा दिसू लागली तर तो प्रायमर होय. मग मात्र फार उशीर झालेला असतो. वॉटर पेपरने घासणे हा मूळ लॅकरवरचा उपाय नव्हे. एखाद्या ओरखड्यासाठी सगळे बॉनेट घासण्यापेक्षा तो ओरखडा राहू देणे बरे.

धातूची चमक असलेल्या लॅकरबाबत विशेष सावध राहावे. त्यात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पत्रे मिसळलेले असतात. घासताना ते उघडे पडले की हवेने काळवंडतात आणि एकाच दारावर दोन छटा दिसू लागतात.

पॉलिशने न भरणाऱ्या भेगा

जुन्या लॅकरवर बारीक रेषांचे जाळे दिसते. मऊपणा देणारे घटक निघून गेल्यावर रंग आक्रसतो, खालचा पत्रा मात्र ऊन-थंडीने फुगत-आकसत राहतो. या ओढाताणीत पडणाऱ्या भेगा रंगाच्या तळापर्यंत जातात. थर जितके जाड, तितक्या भेगा अधिक. चमकेसाठी थरांवर थर चढवलेल्या गाड्या म्हणूनच आधी तडकतात. पॉलिशने या भेगा भरत नाहीत. उलट पॉलिशचा पांढरा गाळ त्यांत बसून त्या अधिक उठून दिसतात.

अशा वेळी मालकापुढे दोनच मार्ग उरतात. भेगांसह रंग जपावा, त्यावर मेण देऊन पाणी रोखावे आणि गाडी कोरडी ठेवावी. अथवा तो भाग पत्र्यापर्यंत उतरवून नव्याने रंगवावा. भेगाळलेल्या रंगावरच नवा रंग मारला तर काही महिन्यांत त्याच रेषा वर उमटतात. इनॅमलवर लॅकर मारले तर लॅकरमधील तीव्र थिनर खालचा थर उचकटतो. एका मडगार्डची दुरुस्ती करायची असेल तर तेवढेच करावे. छटा जुळावी म्हणून सगळी गाडी रंगवण्याच्या मोहात सर्वाधिक मूळ रंग नष्ट झाले आहेत.

पावसाळ्यात लॅकर फवारण्याचे काम हाती घेऊ नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते आणि रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हा धोका मोठा असतो.

आरोग्य आणि आग

जुन्या पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत शिसे व क्रोमियम यांची संयुगे सर्रास वापरली जात. त्यामुळे असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. काम ओल्यानेच करावे, मुखपट्टी व हातमोजे वापरावेत, मुलांना दूर ठेवावे आणि रंग लागलेली कापडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत. नायट्रोसेल्युलोजची कोरडी भुकटी क्षणात पेट घेते, म्हणून जवळपास विडी-सिगारेट वा उघडी ज्योत नसावी. थिनरची चाचणी मोकळ्या हवेत करावी.

मेण आणि आच्छादन

उजळलेल्या लॅकरला उघडे सोडू नये. ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवर मिळणारे कार्नोबा मेण यासाठी चांगले मानले जाते. ते पातळ लावावे, सुकल्यावर मऊ कापडाने पुसावे आणि पाण्याचे थेंब पृष्ठभागावर मोत्यांसारखे उभे राहीनासे झाले की पुन्हा द्यावे. मेण अतिनील किरणांना फारसे अडवत नाही. त्यासाठी छप्परच हवे. सिलिकॉन असलेली पॉलिशे टाळावीत, कारण पुढे तो भाग रंगवावा लागला तर नवा रंग जागोजागी फाकून त्यात खळगे पडतात. आजकाल लोकप्रिय असलेल्या सिरॅमिक लेपांतील द्रावके जुन्या लॅकरला मऊ करू शकतात. लपलेल्या जागी चाचणी घेतल्याखेरीज ते लावू नयेत.

गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये. त्याखाली ओल कोंडते, रंगावर डाग पडतात आणि भेगांतून गंज सुरू होतो. छपराखाली, हवा खेळती राहील असे सुती आच्छादन घालावे आणि तेही गाडी पुसून स्वच्छ असतानाच. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक लागलीच ओल्या कापडाने काढावा.

चमक की इतिहास?

जुन्या मोटारींच्या जगात मूळ रंगाचे मोल अलीकडे वाढले आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रसिद्ध स्पर्धेत २००१ पासून जतन केलेल्या, नव्याने न रंगवलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ‘तुरिन सनदे’त जतनाला पुनर्बांधणीपेक्षा अग्रक्रम दिला आहे. भारतात २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. तीतही वाहन मूळ स्वरूपात असणे आणि सांगाडा, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार झालेले नसणे ही अट आहे.

म्हणून काम हाती घेण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. जाडीचे आकडे, वापरलेल्या पॉलिशचे नाव, किती वेळा आणि कोठे घासले, हे सारे एका वहीत तारखेसह लिहून ती वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. काही वर्षांनी दुसरे कोणी पॉलिशचे कापड हाती घेईल, तेव्हा किती रंग शिल्लक आहे आणि कोठे थांबायचे, हे त्याला त्या वहीतूनच कळेल.